मुंबईचा ताऊन आणि पोहणे विसरलेला जंतू



तीन वर्षांपूर्वी मी आठवीच्या वर्गात १८९७ सालच्या पुण्याचा प्लेग आणि रँडच्या वधाचा भाग शिकवीत होतो. तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. तो म्हणाला, "सर, काल गाडीत दोन माणसे बोलत होती. असले रोग आपल्या मोहल्ल्यांतूनच पसरतात, पूर्वीही तसेच होते, असे म्हणत होती. हे खरे आहे का?"

सारा वर्ग एकदम गप्प झाला. मी ठामपणे "नाही" म्हटले. मुलगा खाली बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते. 'नाही' एवढे कोणालाही म्हणता येते. 'का नाही' हे सांगता आले तरच ते उत्तर, आणि ते माझ्यापाशी नव्हते. मी बी.ए., बी.एड. झालेला इतिहासाचा मास्तर. प्लेगच्या सनावळ्या मला पाठ होत्या, पण तो रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेमका कसा जातो, हे मी कधी नीट वाचले नव्हते. आमच्या शाळेतील विज्ञानाच्या बाईंची मदत घेऊन मी वाचीत गेलो. जे हाती आले ते त्या मुलासाठी आणि आपणा सर्वांसाठी येथे मांडतो.

गंमत अशी, की या इतिहासातील बहुतेक ठिकाणे आपल्याच रेल्वेमार्गावर आहेत. कांजूरमार्गहून धीमी लोकल पकडली की परळ, भायखळा, सँडहर्स्ट रोड आणि मशीद ही स्टेशने एकामागून एक लागतात. आपण रोज त्यांवरून जातो. आज थोडे उतरून पाहू.

मांडवीतील पहिले निदान

मशीद स्टेशनाजवळची मांडवी म्हणजे त्या काळी धान्याच्या गोदामांची, बंदरावरच्या हमालांची आणि दाटीवाटीच्या चाळींची वस्ती. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी येथील रुग्ण तपासून हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. जुनी माणसे याच रोगाला ताऊन म्हणत. जांघेत किंवा काखेत गाठ येई, सडकून ताप चढे आणि चार-सहा दिवसांत माणूस दगावे.

हा रोग मुंबईत जन्मला नव्हता. १८९४ साली हाँगकाँगमध्ये त्याची मोठी साथ होती. तेथेच अलेक्झांडर येर्सिन या शास्त्रज्ञाने त्याचा जंतू शोधून काढला, म्हणून त्याला आज येर्सिनिया पेस्टिस म्हणतात. जहाजांतून उंदीर आले आणि उंदरांबरोबर रोग आला. मांडवीत धान्याची गोदामे असल्यामुळे त्या उंदरांना तेथे आयतेच घर मिळाले.

१८९१ च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजार होती. साथ सुरू होताच काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून पळाले. साथीच्या मुलखात जाऊ नये आणि तेथे असलेल्याने बाहेर पडू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. पण भीतीपुढे ती कोणाच्याच लक्षात राहिली नाही. पळणाऱ्यांच्या सामानसुमानातून रोग गावोगाव गेला. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढील पंचवीस-तीस वर्षांत या रोगाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली.

भय आणि आरोप

रोग कसा पसरतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. सरकारची समजूत अशी, की तो घाणीतून, दमट जमिनीतून आणि माणसांच्या गर्दीतून येतो. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. घरांची झडती होऊ लागली. गटारे धुऊन काढली, भिंतींना चुना लावला, कौले उतरवून घरांत ऊन घेतले, कपडे जाळले. रुग्णाला घरच्यांपासून तोडून इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेले जाई. एवढे करूनही रोग हटेना, कारण गटार धुतले की त्यातला उंदीर मरत नसे, तो शेजारच्या घरात जाई.

लोकांनाही वेगळेच वाटे. इस्पितळात नेऊन मारतात अशी अफवा होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल पेटली, गोळीबार झाला, माणसे मेली. आपल्या लेकीबाळींना परक्या पुरुषांनी तपासावे हे त्या गरीब विणकरांना सहन झाले नाही. त्यांचा राग समजण्यासारखा होता. पण ज्या इस्पितळावर त्यांचा विश्वास नव्हता तेथील डॉक्टरही रुग्णांची सेवा करताना मरत होते, हेही तितकेच खरे. पुढे सरकारने सक्ती सैल केली आणि निरनिराळ्या जमातींना आपापली प्लेगची इस्पितळे चालविण्यास मुभा दिली.

त्या काळी साहेब म्हणे, दोष नेटिवांच्या घाणीचा. वरच्या वस्तीतले म्हणत, दोष चाळींचा. चाळीतले म्हणत, दोष साहेबाचा. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवीत होता आणि खरा गुन्हेगार सर्वांच्या पायांखालून पळत होता.

परळची प्रयोगशाळा

ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्डेमार हाफकिन हे ओडेसा शहरात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ मुंबईस आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी काम सुरू केले आणि तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना दिली.

लोक सुईला घाबरत. अशा वेळी विशीतले आगाखान, सर सुलतान महंमद शाह, पुढे आले. त्यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि आपली खुश्रू लॉज ही इमारत हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी दिली. हजारो खोजांनी त्यांचे पाहून लस घेतली. ज्यांच्यावर लोकांचा विश्वास आहे त्यांनी आधी स्वतःचा दंड पुढे करावा, हा धडा तेव्हा मिळाला. १८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. १९२५ पासून तिला हाफकिन यांचे नाव आहे.

खोट्या आरोपातून हाफकिन स्वतःही सुटले नाहीत. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लशीच्या एकाच बाटलीतून धनुर्वाताचे जंतू गेले आणि १९ माणसे दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला. ते निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडावे लागले.

लस निघाली, तरी रोग कसा पसरतो हा प्रश्न उरलाच होता. पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर मुंबईत काम करून कराचीस गेला आणि १८९८ साली त्याने प्रयोगाने दाखविले, की उंदरावरील पिसू हा रोग देते. त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. मग परळच्या प्रयोगशाळेतील ग्लेन लिस्टन यांनी ते काम हाती घेतले. उंदीर मरत असलेल्या चाळीत त्यांनी गिनिपिग मोकळे सोडले. त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा झाल्या आणि त्या पिसवांत प्लेगचे जंतू सापडले.

१९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळलाच याची कसून परीक्षा घेतली. पिसवा असलेल्या खोलीत काही गिनिपिगांचे पिंजरे जमिनीवर ठेवले आणि काही दोन फूट उंच टांगले. जमिनीवरच्यांना प्लेग झाला, टांगलेले बचावले. हवा तीच आणि खोलीही तीच. फरक एवढाच, की पिसूची उडी काही इंचांपलीकडे जात नाही. रोग हवेतून किंवा जमिनीतून येतो या समजुतीला या साध्या प्रयोगाने उत्तर दिले. पिसू कोणाच्या अंगावर चढायचे हे धर्म किंवा जात पाहून ठरवीत नाही, हे तर सांगायलाच नको.

पिसूच्या घशातील बूच

तरी एक कोडे राहिले. पिसू चावते ती रक्त ओढण्यासाठी. मग जंतू तिच्या पोटातून उलटे माणसाच्या अंगात कसे येतात? १९१४ साली बेकट आणि मार्टिन या दोघांनी लंडनमध्ये याचे उत्तर शोधले. पिसूच्या पोटाच्या तोंडाशी प्लेगचे जंतू एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि बुचासारखे बसतात. तिने ओढलेले रक्त पोटात जाऊ शकत नाही. ती उपाशी राहते आणि वेड्यासारखी पुन्हा पुन्हा चावते. दर वेळी रक्त त्या बुचाला थडकून मागे येते आणि येताना जंतू घेऊन जखमेत उतरते. (बूच बसण्याआधीही पिसू काही वेळा रोग देऊ शकते, हे पुढे दिसून आले, पण बुचाचा मार्ग मोठा खरा.)

पण जंतू असे एका जागी घट्ट का बसतात? याचे उत्तर मिळण्यास आणखी शंभर वर्षे लागली. ते समजण्यासाठी जंतूच्या आत डोकवावे लागेल.

जंतूच्या आतला निरोप

जंतू किती लहान? साधारण पाचशे जंतू एका ओळीत ठेवले तर एक मिलिमीटर भरेल. पुष्कळ जंतूंना बारीक लांब शेपट्या असतात. या शेपट्या माशासारख्या हलत नाहीत, आगबोटीच्या पंख्यासारख्या गोल फिरतात, हे १९७३ साली सिद्ध झाले. प्रत्येक शेपटीच्या मुळाशी एक इवलीशी मोटर असते आणि ती सेकंदाला शंभराहून अधिक फेरे घेऊ शकते. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जंतू एका सेकंदात आपल्या लांबीच्या दहापट अंतर पोहतो. मोटर एका दिशेने फिरली की तो सरळ जातो, उलटी फिरली की कोलांटी खाऊन दिशा बदलतो. मोटर केव्हा उलटी फिरवायची, याचा निरोप 'ची-वाय' नावाचे एक लहान प्रथिन जंतूच्या आतून मोटरीपर्यंत पोहोचवते.

पण पोहायचे की बैठक मारायची, हा त्याहून मोठा निर्णय असतो. त्यासाठी बहुतेक जंतूंत दुसरा निरोप असतो. १९८७ साली जेरुसलेममध्ये मोशे बेंझिमन आणि त्यांचे सहकारी सिरक्यावर सायीसारखा थर धरणाऱ्या जंतूचा अभ्यास करीत होते. ती साय विणण्याचा हुकूम कोण देते, हे शोधताना त्यांना एक लहानसा रेणू सापडला. त्याचे नाव सायक्लिक डाय-जीएमपी. त्या वेळी तो सिरक्यापुरताच वाटला. पुढे तो जंतूंच्या असंख्य जातींत आढळला. सगळीकडे नियम साधारण एकच: हा रेणू कमी असला की जंतू पोहतो, वाढला की पोहणे थांबवतो, भोवती चिकट पदार्थ सोडतो आणि सोबत्यांसह थर करून बसतो. ई. कोलायमध्ये तर या रेणूने जागे केलेले एक प्रथिन थेट शेपटीच्या मोटरीला ब्रेकसारखे लागते, हे २०१० साली उघड झाले.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या शाळेचे उदाहरण घ्या. मुख्याध्यापक प्रत्येक वर्गात जात नाहीत. फळ्यावर सूचना लिहिली जाते आणि सारे वर्ग तिच्याप्रमाणे वागतात. जंतूच्या आतही काही प्रथिने हा रेणू तयार करतात, म्हणजे सूचना लिहितात. दुसरी प्रथिने तो मोडून टाकतात, म्हणजे फळा पुसतात. लिहिणारा आणि पुसणारा दोघेही असले तरच शाळा नीट चालते. पुसणारेच नाहीसे झाले तर? 'आज वर्गातून उठू नये' ही एके दिवशीची सूचना कायमची राहील.

प्लेगच्या जंतूचे नेमके हेच झाले.

पोहणे विसरलेला जंतू

प्लेगच्या जंतूचा पूर्वज आजही आहे. त्याचे नाव येर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस. तो माती-पाण्यात राहतो, थंडाव्यात शेपट्यांनी पोहतो आणि पोटात गेला तर बहुधा पोटाचे दुखणे देतो. गेल्या काही हजार वर्षांत त्याच्यापासून प्लेगचा जंतू निघाला. त्यात नवे शस्त्र थोडेच आले, मोडतोडच अधिक झाली.

पहिली मोडतोड शेपटीची. शेपट्या बांधण्याचा हुकूम देणाऱ्या जनुकात एका अक्षराची घुसखोरी झाली. जनुकाची लिपी तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते. 'कमल नयन मदन पवन' या ओळीत पहिल्या 'क' नंतर एक 'र' घुसवा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरे वाचा: 'करम लनय नमद नपव न'. एका अक्षराने सारा अर्थ गेला. तसेच येथे झाले आणि जंतूचे पोहणे कायमचे बंद पडले.

दुसरी मोडतोड फळा पुसणाऱ्यांची. २०१४ साली अमेरिकेतील माँटाना राज्यातील प्रयोगशाळेत बी. जोसेफ हिनेबुश आणि सहकाऱ्यांनी हा प्रवास टप्प्याटप्प्याने पुन्हा घडवून पाहिला. तो संदेशरेणू मोडणाऱ्या दोन प्रथिनांची जनुके आणि थर बांधण्यास लगाम घालणारे तिसरे जनुक प्लेगच्या जंतूत निकामी आहेत. पूर्वज जंतूत हीच जनुके तशी निकामी केली आणि पिसूच्या आतड्यात तग धरू देणारे एक बाहेरून आलेले जनुक त्याला दिले, तेव्हा तोही पिसूच्या घशात बूच बांधू लागला. पिसूला विषारी ठरणारे आणखी एक जनुकही प्लेगच्या जंतूत बंद पडलेले आढळले. त्यामुळे पिसू मरत नाही, रोग वाहत राहते.

हे बूच पिसूच्या थंड शरीरातच बसते. माणसाच्या ३७ अंश उष्णतेत तो रेणू बनविणारे मुख्य प्रथिन टिकत नाही, म्हणून आपल्या अंगात जंतू थर करून बसत नाही, सुटा होऊन पसरतो. २०१५ साली कांस्ययुगातील माणसांच्या दातांतून प्लेगच्या जंतूचे जनुकद्रव्य मिळाले. त्या सर्वांत जुन्या जंतूंत शेपटीचे जनुक आणि फळा पुसणारी जनुके अजून शाबूत होती. म्हणजे ही मोडतोड माणसाच्या इतिहासातच, केव्हातरी नंतर झाली.

मांडवीतले मरण, आर्थर रोडवरची दगडफेक, मदनपुऱ्यातली गोळी, हाफकिनवरचा ठपका, यांच्या मुळाशी एका जंतूच्या आत न पुसली गेलेली सूचना होती. तो जंतू पोहायचे विसरला आणि बसून राहिला, म्हणून पिसू उपाशी राहिली, म्हणून ती चावत सुटली. यात कोणत्या मोहल्ल्याचा, कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा दोष शोधणार?

उत्तर

तर त्या मुलाला मी नंतर दिलेले उत्तर असे. रोग कोणत्याही समाजामुळे पसरत नाही. तो जेथे उंदरांना दाणा आणि आडोसा मिळतो तेथे आधी पोहोचतो. मांडवीची गोदामे आणि अंधाऱ्या खोल्या गरिबांनी हौसेने बांधल्या नव्हत्या. हे सरकारलाही पटले, म्हणूनच १८९८ साली, लॉर्ड सँडहर्स्ट गव्हर्नर असताना, मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढण्यात आले. सँडहर्स्ट रोड हे नाव त्यांचेच.

पण 'दोष आमचा नाही' म्हणून हात झटकून बसणेही बरोबर नाही. उंदीर पडू लागले की घर सोडावे, हे खेड्यातल्या अडाणी माणसालाही कळत होते. १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेगने पुन्हा डोके वर काढले. आता त्यावर औषधे आहेत, वेळेवर मिळाली तर माणूस वाचतो. आपल्याकडे पावसाळ्यात उंदीर दुसरा रोग देतो, लेप्टोस्पायरोसिस. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो अनुभवला. त्याचा जंतू पक्का पोहणारा आहे. उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरतो आणि पायाच्या जखमेतून शिरतो. म्हणून गल्लीतला कचरा वेळेवर उचलवून घेणे, मुलांना तुंबलेल्या पाण्यातून अनवाणी जाऊ न देणे आणि त्यानंतर ताप आल्यास लगेच डॉक्टरकडे नेणे, हे आपल्या हातात आहे.

पालकांना माझी एवढीच विनंती. घरातला मुलगा किंवा मुलगी असा अडचणीचा प्रश्न घेऊन आली, तर तिला गप्प करू नका. आपल्याला उत्तर येत नसेल तर तसे सांगा आणि दोघे मिळून शोधा. डॉ. व्हिएगस ख्रिस्ती, हाफकिन ज्यू, आगाखान मुसलमान, सावित्रीबाई सत्यशोधक. साथीत प्रत्येकाने आपल्या परीने काम केले. आरोप करणाऱ्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत.

तो मुलगा आता अकरावीला विज्ञान शाखेत आहे. परवा स्टेशनवर भेटला. म्हणाला, "सर, गाडीत पुन्हा तसले कोणी बोलले तर मी भांडणार नाही, पिसूची गोष्ट सांगेन." असो. माझ्या उत्तराला तीन वर्षे उशीर झाला नाही, एवढेच समाधान.